रिक्षाच्या हुडाचं जॅकेट

सायकल होती. पाय होते. ऑफिसने रजाही मंजूर केली होती, आणि ती इतक्या चटकन की ऑफिसातल्या माझ्या स्थानाविषयी मला थोडी काळजीच वाटली. अडलं होतं ते फक्त जॅकेटापाशी.

ठाण्याची एक भटकी मंडळी जानेवारीत हिमाचलात सायकली घेऊन जाणार होती. तिथल्या बर्फात आठवडाभर सायकल चालवायची, रात्री तंबूत झोपायचं आणि जमल्यास परत यायचं, असा साधा कार्यक्रम होता. मी आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसवाल्याकडे, गोणपाटात गुंडाळलेला. पन्नाशीच्या आत तो एकदा मोकळ्यावर पडलेला बघावा, एवढीच माझी इच्छा होती. माणसं या वयात याहून वाईट इच्छा धरतात.

मंडळींची पुढारी क्षितिजा नावाची मुलगी होती, माझ्या पुतणीच्या वयाची. ती फोनवर म्हणाली, "काका, वयाचं काही नाही हो. पण घोडबंदरला रविवारी चाचणी असते, त्यात पास झालात तरच जागा. आणि जॅकेट चांगलं घ्या. वॉर्म पाहिजे आणि वॉटरप्रूफ पाहिजे. तिकडे जे घालणार तेच घालून चाचणीला यायचं."

उबदार आणि पाणी आत न घेणारं. दोन साधी विशेषणं. पण मीरा रोडच्या बाजारात ती दोन्ही एका कपड्याला लागत नाहीत, कारण ती एका ऋतूत येतच नाहीत. डिसेंबरात रेनकोट मागितला तर दुकानदार आपल्याकडे अशा नजरेने बघतो, जणू आपण दिवाळीत होळीची पिचकारी मागितली आहे. एकाने सांगितलं, जून में आना. दुसऱ्याकडे स्वेटर होते. त्याला मी विचारलं की यातून पाणी आत जातं का. तो म्हणाला, "अंकल, स्वेटर पहन के नहाते हो क्या?" गल्ल्यावरचा त्याचा भाऊ हसला. मी हसलो नाही.

भाईंदर स्टेशनबाहेर दर हिवाळ्यात पहाडी बायका फुटपाथवर लोकरी कपड्यांचे ढीग मांडून बसतात. या खुद्द बर्फाच्या शेजारच्या, यांना नक्की ठाऊक असणार, म्हणून मी एकीला सगळी कथा सांगितली. तिने विणकाम न थांबवता ऐकली आणि विचारलं, "सर्दी में उधर जाता है?" मी अभिमानाने हो म्हणालो. ती म्हणाली, "हम लोग तो सर्दी में इधर आता है." एवढं बोलून तिने मला लहान मुलांची कानटोपी दाखवली. का, ते मी विचारलं नाही.

आम्ही राहतो त्या इमारतीचं नाव सागरदर्शन. तिथून सागर तर सोडाच, मिठागरसुद्धा नीट दिसत नाही. पण तिथे सल्ला मात्र चोवीस तास येतो, पाणी दिवसाआड. मी जॅकेट शोधतोय ही बातमी ए विंगमधून बी विंगमध्ये माझ्याआधी पोचली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथ साळवी मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचा सल्ला असा की जगात इरल्यासारखी वस्तू नाही. त्यांचे आजोबा पाठीवर इरलं घेऊन भर पावसात लावणी करायचे आणि पाण्याचा थेंब अंगाला लागायचा नाही. मी म्हणालो, पण इरलं घेऊन सायकल कशी चालवणार? साळवी क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "मग सायकल कशाला नेताय?"

बी विंगच्या हंसाबेननी सुचवलं की आत गुजराती पेपर गुंडाळायचा आणि बाहेरून ड्रायक्लीनवाला सुटावर चढवतो ती प्लॅस्टिकची पिशवी घालायची. गुजरातीच पेपर का, तर त्याला पानं जास्त असतात.

असे दिवस जात होते आणि चाचणीचा रविवार जवळ येत होता. एका संध्याकाळी मी शेअर रिक्षात मागच्या सीटवर दोन माणसांच्या मध्ये बसलो होतो. अशा वेळी माणसाला फक्त वर बघता येतं. वर हूड होतं. बाहेरून काळं रेक्झिन, आतून मऊ अस्तर, मध्ये काहीतरी गुबगुबीत. या हुडाने किती पावसाळे अंगावर घेतले असतील, आणि आतली माणसं कशी कोरडी, उबदार, एकमेकांच्या मांडीवर बसलेली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ड्रायव्हरला विचारलं, हूड कुठे शिवलं? तो म्हणाला, गोडदेवला, आत्मारामकडे.

गोडदेव म्हणजे एकेकाळचं गाव. आता सात मजली इमारतींच्या फटीत त्याची कौलं अडकून राहिली आहेत. आत्माराम त्यातल्याच एका ओटीवर मशीन टाकून बसला होता. मी जॅकेट म्हटल्यावर त्याने मान हलवली. मी हूड म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले.

"मानसाचा हूड कंदी शिवला न्हाय," तो म्हणाला. "पन पानी आत जायाचा न्हाय, ही माझी जबाबदारी हाय."

त्याने माप घेतलं ते पुढची चौकट, मागची चौकट आणि कमान असं. माझ्या खांद्यांना तो कमान म्हणत होता, आणि सबंध आयुष्यात माझ्या खांद्यांविषयी कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. आत घालायला मी घरून मृणालिनीची जुनी रजई आणून दिली. मृणालिनी म्हणजे माझी बायको. रजई नेली हे तिला सांगायचं राहून गेलं होतं.

जॅकेट वेळेवर तयार झालं, याचं मला आश्चर्य वाटलं. बाकीची आश्चर्यं ते उघडल्यावर वाटली. काळं रेक्झिन, त्याला कडेने पिवळी पट्टी. चेन नाही, बाजूला बकलाचे पट्टे, जे घालणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला पोचत नाहीत. आणि पाठीवर, बरोबर मध्यभागी, पारदर्शक प्लॅस्टिकची एक चौकोनी खिडकी. मी विचारलं, ही कशाला? आत्मारामने ती प्रथमच पाहिल्यासारखी पाहिली.

"हात गेला," तो म्हणाला. "र्‍हाऊंद्या. मागचा दिसंल."

घरी आल्यावर मृणालिनीने मला त्यात बसवून पट्टे आवळले, चारी बाजूंनी फिरून पाहिलं, आणि अस्तरावरची फुलं ओळखली. मग म्हणाली, "मीटर कुठे लावणार?"

आता कुठल्याही समंजस माणसाने तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पदवीला विज्ञान घेतलं होतं. आत्मारामचा शब्द वेगळा आणि प्रयोग वेगळा. पाणी खरंच आत शिरत नाही हे पाहायला पाणी पाहिजे, आणि आमच्या घरात पाणी मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली पोळी मागण्यासारखं. मृणालिनीने एक तांब्यासुद्धा नाकारला. तिचं म्हणणं, भांडी आधी, हिमालय मग.

तेव्हा मला गच्चीवरच्या टाकीची आठवण झाली. पाण्याच्या दिवशी सकाळी पंप चालू होतो, टाकी भरते, आणि वॉचमन चहा संपवून पंप बंद करेपर्यंत वरच्या पाइपातून जाडसर धार गच्चीवर पडत राहते. वाया जाणारं पाणी, कोणाचंही नाही. मी मृणालिनीकडून पट्टे बांधून घेतले, वर गेलो आणि त्या धारेखाली डोळे मिटून उभा राहिलो. आवाज हुडावर पाऊस पडल्यासारखाच येत होता. आत मी खडखडीत कोरडा होतो. इतकं समाधान मला पदवी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

डोळे उघडले तर समोर बी विंगच्या गच्चीवर हंसाबेन मिरच्या वाळत घालता घालता थांबल्या होत्या.

कमिटीची तातडीची बैठक दुसऱ्याच दिवशी भरली. विषय होता, गच्चीवर सभासदाने सोसायटीच्या पाण्याने केलेलं स्नान. मी निवेदन केलं की मी स्नान केलेलं नाही, कारण मी भिजलोच नाही. यावर एका सभासदाने विचारलं की मग पाण्याखाली उभं राहण्याचा हेतू काय. दुसरे म्हणाले, साबण सापडला आहे का? तिसरे वकील होते. त्यांनी मुद्दा काढला की टाकीतून बाहेर पडलेलं आणि अजून गच्चीवर न पोचलेलं पाणी कोणाच्या मालकीचं, याचा उपविधीत उल्लेख नाही. तेवढ्यात बी विंगच्या लक्षात आलं की ए विंगची टाकी वाहते, याचा अर्थ ती भरते. बी विंगची टाकी कधी वाहिलेली कोणी पाहिलेली नव्हती. त्यापुढे माझा विषय मागे पडला आणि सोसायटी स्थापनेपासूनचे सगळे वाल्व निघाले. एका क्षणी वॉचमनच्या चहाची चौकशी करायला उपसमिती नेमावी असंही ठरत होतं.

माझ्यामुळे दोन विंगा फुटतायत हे पाहून मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं की हे सगळं हिमालयासाठी होतं.

साळवींनी चष्मा काढला. हिमालय म्हटल्यावर पाण्याचा हिशोब मागायला त्यांची जीभ वळेना. ते उठून म्हणाले, आपल्या सोसायटीत आजवर कोणी साध्या माथेरानलासुद्धा सायकलने गेलेलं नाही. टाळ्या पडल्या. ज्या बैठकीत मला दंड व्हायचा होता, त्याच बैठकीत माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ कपाटात तयारच असतात, कोण कधी रिटायर होईल सांगता येत नाही. मी परोपरीने सांगितलं की अजून चाचणी व्हायची आहे, निवड झालेली नाही. ते सगळ्यांना माझं मोठेपण वाटलं. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या फळ्यावर लिहिलेलं होतं: आपले सभासद श्री. कर्णिक हिमालयावर जात आहेत, त्यांचे अभिनंदन, उद्या पाणी येणार नाही.

म्हणजे आता नापास व्हायची सोय उरली नव्हती.

रविवारी पहाटे मृणालिनीने मला पट्ट्यांत आवळलं आणि मी काशीमिऱ्याकडे निघालो. हवा छान होती, म्हणजे साध्या शर्टाला छान. पहिल्या पाच मिनिटांत रजई कामाला लागली. काशीमिरा नाक्यावर एक बाई दोन पिशव्या घेऊन उभ्या होत्या. लांबून काळं-पिवळं येताना दिसल्यावर त्यांनी हात केला आणि म्हणाल्या, "घोडबंदर?" मी हो म्हणालो, कारण मी खरंच तिकडे चाललो होतो. जवळ गेल्यावर दोघांनाही वाईट वाटलं.

नाक्यावर क्षितिजा आणि तिची मंडळी भेटली. सगळे तरुण, सगळ्यांची जॅकेटं कागदासारखी पातळ आणि महाग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. संस्कार चांगले असल्याची खूण. हायवेला लागलो. माझ्या मागे सायकल चालवणारा मुलगा बराच वेळ खिडकीतून आत बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "काका, आतला शर्ट चेक्सचा आहे ना?"

त्या पुढच्या प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. आत्मारामने शब्द पाळला होता. पाणी आत येत नव्हतं. पण त्याच न्यायाने ते बाहेरही जात नव्हतं. घाम आधी पाठीवर आला, मग रजईत मुरला, मग रजईला पुरे झाल्यावर खाली बसला. प्रत्येक पायडलला माझ्या पोटापाशी पखालीतून येतो तसा आवाज येऊ लागला. जॅकेट उघडावं म्हटलं तर पट्ट्यांना हात पोचत नव्हता, आणि चाचणी चालू असताना अनोळखी तरुणांना मला सोडवा म्हणणं माझ्या मनाला पटेना. घोडबंदर गावातून किल्ल्याकडे चढ लागतो. तो मी कसा चढलो हे मला आठवत नाही, पण सगळ्यांत शेवटी चढलो नाही, हे क्षितिजानेच नंतर कबूल केलं.

वर गेल्यावर मी एका मुलाला खुणेने पट्टे दाखवले. त्याने ते सोडले. आतून वाफ आली आणि तिच्यामागून पाणी. मुलं दोन पावलं मागे सरकली. आणि नेमका त्याच वेळी खाडीवरून वारा सुटला.

ओल्या शर्टावर खाडीचा पहाटेचा वारा काय करतो, हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर मीरा-भाईंदरमध्ये राहिलेल्या माणसाला ते माहीत असायचं कारणही नाही. हात थरथरू लागले, मग गुडघे, मग दात. मी उभा होतो आणि माझे दात माझी परवानगी न घेता वाजत होते.

क्षितिजा जवळ आली. तिने माझ्या हाताला हात लावून पाहिला. तो बर्फासारखा गार होता, असं ती म्हणाली. मला तुलना करता येत नव्हती.

"काका, तुम्हाला थंडी वाजतेय."

मी नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण त्या एका शब्दाचे पाच-सहा तुकडे झाले. मला तिला सांगायचं होतं की पोरी, मला थंडी नाही, मला उकडून उकडून हे झालंय. पण दात वाजत असताना माणसाला उकाड्याची तक्रार करता येत नाही. केली तरी कोणी ऐकत नाही.

"राग मानू नका," ती म्हणाली. "बाकी सगळे जॅकेट काढून टी-शर्टवर उभे आहेत. इथे तुमची ही अवस्था, तर तिकडे मी तुम्हाला कुठल्या भरवशावर नेऊ? पुढच्या वर्षी बघू आपण."

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असतो तर मीही मला नेलं नसतं. तिने थर्मासमधला चहा दिला. तो मी निम्मा प्यायलो, निम्मा थरथरण्यात सांडला. परत येताना जॅकेट कॅरिअरला बांधलं होतं. ऊन वर आलं होतं, शर्ट वाळत होता आणि सायकल मस्त चालत होती, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. पुढच्या वर्षी, असं मी स्वतःला एकदा म्हणून पाहिलं. मग म्हटलं नाही.

फाटकात साळवी हार घेऊन उभे होते. हंसाबेन होत्या, दोन्ही विंगांची माणसं होती. मृणालिनी गॅलरीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. खोटं सांगावं असं मनात आलं होतं, पण त्यालाही थोडी तरतरी लागते.

मी म्हणालो, "निवड झाली नाही. थंडी सोसवली नाही मला."

साळवी हातातल्या हाराकडे बघत होते. हार घातला तर प्रश्न, नाही घातला तरी प्रश्न. अखेर हंसाबेन बोलल्या. "तो ठंडी है ही ना, कर्णिकभाई," त्या म्हणाल्या. "इस साल बहुत है. मेरे को तो रात को दो चादर लगती है."

साळवींनी मान वर केली. बुडणाऱ्याला जसा वासा सापडावा, तशा त्यांना त्या दोन चादरी सापडल्या.

"त्या ठाणेकरांना काय माहीत भाईंदरची थंडी," ते म्हणाले. "तिन्ही बाजूंनी पाणी आहे आपल्याला. हा वारा त्यांनी कधी सोसलाय? कर्णिकांनी सोसला, म्हणून ते थरथरले." आणि त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला उतरलो तर साळवी लोकरी कानटोपी घालून फाटकात उभे होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हंसाबेननी दोन स्वेटर चढवले होते. वॉचमनला कोणीतरी मफलर दिला होता. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी खोक्यांची शेकोटी पेटली. पंखे फक्त दार लावून चालू ठेवायचे, असं न बोलता ठरलं. शेजारच्या सोसायटीतली माणसं येऊन विचारू लागली की तुमच्याकडे एवढी थंडी कशी. साळवी सांगायचे, "आमच्याकडे आधीपासूनच आहे." मी जॅकेट घालून शेकोटीपाशी बसायचो. मी नाही बसलो तर या सगळ्यांनी काय म्हणून घाम गाळायचा?

त्याच आठवड्यात क्षितिजाचा फोन आला. एका मुलाचा पाय मुरगळला होता, एक जागा रिकामी झाली होती. "पण काका, थंडीचं काय?" तिने विचारलं. या वेळी माझे दात स्थिर होते. मी तिला रजई, रेक्झिन, पट्टे, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पलीकडे ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "या तुम्ही. एकच अट. ते घरी ठेवायचं. ज्याचा पाय मुरगळलाय त्याचं जॅकेट मी आणते."

मी म्हणालो, थोड्या वेळाने कळवतो.

मृणालिनी म्हणाली, "कळवायचं काय त्यात? हो म्हणायचं."

मी तिला गॅलरीत नेलं आणि खाली दाखवलं. शेकोटीभोवती साळवी, हंसाबेन आणि इतर पाच-सात जण लोकरीत गुंडाळून बसले होते. हे सगळं का, तर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. आता मी हिमालयात जाऊन धडधाकट परत आलो, तर यांनी कुठे तोंड दाखवायचं? मृणालिनीने खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "जाऊन सांगा त्यांना. फार तर टोपी काढतील."

मी उतरलो आणि साळवींना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी टोपीवर हात ठेवून विचार केला. त्यांना आनंद झाला होता हे दिसत होतं, पण ते सेक्रेटरीही होते.

"जा," ते म्हणाले. "पण कर्णिक, परत आल्यावर फाटकात सगळे विचारतील. शेजारच्या सोसायटीतले पण. तेवढं बघा."

मी गेलो. बर्फ पाहिला. पहिल्या दिवशी सकाळी तंबूचं तोंड उघडलं तर तो थेट दारापर्यंत आला होता, कोणी बोलावल्यासारखा, आणि कुठेच कसला आवाज नव्हता. मी बाहेर आलो आणि सायकलीला हात न लावता बराच वेळ उभा राहिलो. क्षितिजाने हाका मारल्या, त्या मला ऐकू आल्या नाहीत असं मी तिला नंतर सांगितलं. थंडीचं म्हणाल तर दुसऱ्या रात्री बाटलीतलं पाणी गोठलं, आणि तिसऱ्या रात्री मी, पायात मोजे आणि हातातही मोजेच घालून, देवाचं नाव घेत होतो.

परत आलो तेव्हा जानेवारी संपत आला होता आणि भाईंदरला ऊन लागत होतं. फाटकात सगळे जमले होते, शेजारचेही. कोणीही स्वेटर काढलेला नव्हता. साळवींनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मग कर्णिक, थंडी कशी काय होती तिकडे?"

मी सॅक खाली ठेवली. थोडा विचार केल्यासारखं केलं.

"होती," मी म्हणालो. "पण आपल्यासारखी बोचरी नाही."

साळवींनी शेजारच्यांकडे एकदा नजर फिरवली. मग हंसाबेननी, सर्वांदेखत, सावकाश, एकामागून एक असे आपले दोन्ही स्वेटर काढले.